रानातली मांजरं बोटीत बसून टोकियोला का जातात?

साल २००५. जपानच्या हाहाजिमा या छोट्या बेटाच्या दक्षिण टोकावर समुद्रपक्ष्यांची एक वसाहत होती आणि तिथले पक्षी एकेक करून मरत होते. संशोधकांना तुटलेले पंख आणि अर्धवट खाल्लेली शरीरं सापडत होती. शिकारी कोण हे शोधण्यासाठी कॅमेरा लावला गेला आणि एक फोटो हाती आला. त्यात एक मांजर होतं आणि त्याच्या तोंडात बूबी जातीचा समुद्रपक्षी होता. हा पक्षी लांबीला जवळपास मांजराच्या तोडीचा असतो, तरीही मांजर त्याला फरफटत नेत होतं.

असा फोटो आज इन्स्टाग्रामवर पडला असता तर कमेंटमध्ये काय झालं असतं, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. अर्धे लोक म्हणाले असते, मांजर मारा. उरलेले म्हणाले असते, बिचाऱ्याची काय चूक? हाहाजिमावर मात्र तिसरंच काहीतरी घडलं. ते मांजर जिवंत पकडलं गेलं, पिंजऱ्यात घालून बोटीत चढवलं गेलं आणि सुमारे एक हजार किलोमीटर दूर, टोकियोच्या बाजूला एका पशुवैद्यकाकडे पाठवलं गेलं. तिथे त्याला मायकेल हे नाव मिळालं. सुरुवातीला जवळ येणाऱ्यावर फिस्कारणारा मायकेल हळूहळू माणसाळला आणि घरातलं मांजर झाला.

मायकेलनंतर त्याच मार्गानं शेकडो मांजरं टोकियोला गेली आहेत.

ही बेटं आहेत तरी कुठे?

ओगासावारा बेटसमूह प्रशासकीयदृष्ट्या टोकियो महानगराचा भाग आहे. म्हणजे कागदोपत्री पत्ता टोकियोचा, पण प्रत्यक्षात तिथे विमानतळच नाही. जायचं तर 'ओगासावारा मारू' ही बोट पकडायची आणि सुमारे २४ तास प्रवास करायचा. ही बोट रोजची नाही, साधारण आठवड्यातून एकदा सुटते. ३० हून अधिक बेटांपैकी सामान्य नागरिकांची वस्ती आहे ती फक्त चिचिजिमा आणि हाहाजिमा या दोन बेटांवर. 'चिचि' म्हणजे वडील आणि 'हाहा' म्हणजे आई. बाप-बेटावर दोन हजारांच्या आसपास माणसं राहतात, आई-बेटावर जेमतेम साडेचारशे.

ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखींची ही बेटं. जे उडत आलं, पोहत आलं किंवा लाटांवर वाहत आलं तेच इथे रुजलं. त्यामुळे इथला मूळचा, जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी एकच, एक मोठं वटवाघूळ. उंदीर, मुंगूस, कोल्हा, मांजर यांपैकी काहीच नव्हतं. लाखो वर्षं इथल्या पक्ष्यांना जमिनीवर भीती वाटावी असं कुणी भेटलंच नाही.

१८३० मध्ये इथे पहिली कायमची वस्ती झाली आणि माणसांसोबत त्यांचे प्राणीही आले. १८२० च्या दशकात या बेटांना भेट दिलेल्या निसर्ग अभ्यासकांनी ज्या पक्ष्यांचे नमुने गोळा केले होते, त्यातला बोनिन ग्रोसबीक आणि बोनिन थ्रश आता जगात कुठेच नाहीत. त्यांच्या नाशाला बाहेरून आलेले उंदीर आणि मांजरं जबाबदार असावीत, असं मानलं जातं.

२०११ मध्ये युनेस्कोनं ओगासावाराला जागतिक नैसर्गिक वारसा म्हणून मान्यता दिली. पण त्याआधीच एका कबुतरानं सगळ्यांची झोप उडवली होती.

कबूतर म्हटलं की आपल्याला आठवते खिडकीची जाळी

मुंबई-पुण्यातल्या माणसाला कबूतर दुर्मीळ असू शकतं हेच पटणं अवघड. पण ओगासावाराचं कबूतर वेगळं आहे. त्याचं जपानी नाव 'अकागाशिरा करासुबातो', शब्दशः 'लाल डोक्याचं कावळा-कबूतर'. अंगानं काळंभोर, डोक्यावर लालसर झाक. बेटावरची माणसं त्याला लाडानं 'आकापोप्पो' म्हणतात. हा पक्षी ओगासावारा आणि त्याच्या दक्षिणेकडच्या काही बेटांखेरीज कुठेही सापडत नाही. एका वेळी एकच अंडं घालतो आणि बिया टिपायला जमिनीवर उतरतो. मांजरासाठी याहून सोपी शिकार नाही.

२००८ च्या सुमारास हे कबूतर फक्त चाळीसच्या आसपास उरलं असावं, असा अंदाज मांडला जात होता. त्या वर्षी जानेवारीत बेटावर एक मोठी बैठक झाली. संशोधक, सरकारी अधिकारी, प्राणीसंग्रहालयाची माणसं आणि बेटावरचे रहिवासी एकत्र बसले. हे कबूतर वाचवायचं असेल तर पहिलं काम कोणतं, याचं उत्तर रानातल्या मांजरांपाशी येऊन थांबलं.

आता इथे एक फरक समजून घेणं गरजेचं आहे, कारण सगळा वाद तिथेच अडकतो. घरातलं पाळीव मांजर, गल्लीत माणसांनी खायला घातल्यावर जगणारं मांजर आणि माणसाचा संबंध तुटून रानात स्वतः शिकार करून जगणारं मांजर हे तिन्ही एकाच जातीचे प्राणी. पण त्यांचं जगणं, त्यांचा निसर्गावर होणारा परिणाम आणि त्यांच्यावरचे उपाय वेगवेगळे आहेत. गल्लीतल्या मांजराला लागू पडणारा उपाय रानात फसू शकतो आणि उलटही होऊ शकतं.

नसबंदी करून परत सोडलं तर?

मांजरप्रेमींचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्तही आहे. पकडा, नसबंदी करा, लस द्या, आणि जिथून उचललं तिथेच सोडा, ही पद्धत जगभर वापरली जाते. ओळख म्हणून भूल दिलेली असतानाच कानाचं टोक थोडं कापतात. जपानमध्ये हा काप पाकळीच्या आकाराचा असतो, म्हणून अशा मांजरांना तिथे 'साकुरा नेको' म्हणतात, म्हणजे चेरीच्या फुलाचं मांजर.

वस्तीत ही पद्धत काम करते, पण एका अटीवर. एका भागातल्या बहुतेक मांजरांची, साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांची, नसबंदी व्हावी लागते आणि ती चालू ठेवावी लागते. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की व्यायला तयार होते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं देते. वीस मांजरांतल्या पाचांची नसबंदी करून थांबलात तर उरलेली पंधरा वर्षभरात ती भर सहज काढतात. सगळी मांजरं उचलून दूर सोडली तरी उकिरडा आणि मासळीचं पाणी तिथेच असतं. मग शेजारच्या गल्लीतली मांजरं येऊन रिकामी जागा भरतात.

पण बेटावरच्या रानात अडचण वेगळी आहे. नसबंदी झालेलं मांजर पिल्लं देत नाही, मात्र शिकार करणं थांबवत नाही. ते पुढची कित्येक वर्षं जगू शकतं. जिथे जगातली शेवटची काही डझन कबुतरं आहेत तिथे ही कित्येक वर्षं परवडणारी नसतात. शिवाय जनावराच्या बाजूनंही विचार केला तर रानात परत सोडलेल्या मांजराचं आयुष्य काही सुखाचं नसतं.

मग मारायची का? काही देशांनी तेच केलं

ऑस्ट्रेलियानं २०१५ मध्ये जाहीर केलं की २०२० पर्यंत वीस लाख रानमांजरं मारायची. विषारी आमिषं, सापळे, बंदुका, सगळं वापरायचं ठरलं. फ्रेंच अभिनेत्री ब्रिजीत बार्दोपासून ब्रिटिश गायक मॉरिसीपर्यंत अनेकांनी जाहीर विरोध केला. सरकारचं म्हणणं होतं की ऑस्ट्रेलियातले कित्येक छोटे सस्तन प्राणी मांजरांमुळेच कायमचे गेले आहेत आणि आणखी जाण्याच्या वाटेवर आहेत. हे म्हणणं खोटं नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर १९४९ मध्ये पाच मांजरं नेली होती, उंदीर पकडायला. १९७७ पर्यंत ती तीन हजारांवर गेली आणि वर्षाला लाखो समुद्रपक्षी खाऊ लागली. मग तिथे मुद्दाम मांजरांचा एक जीवघेणा विषाणू सोडण्यात आला. त्यानंतर बंदुका आल्या. १९९१ पर्यंत बेट मांजरमुक्त झालं, पण कोणत्या मार्गानं, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

आणि मारून प्रश्न सुटतोच असंही नाही. अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या मॅक्वारी बेटावर ऑस्ट्रेलियानं २००० सालापर्यंत सगळी मांजरं संपवली. त्याच सुमारास सशांना आवरणाऱ्या विषाणूचा जोरही ओसरत चालला होता. सशांवर ना मांजर राहिलं ना आजार. सशांनी डोंगरउतार असे खाऊन उघडे केले की माती घसरू लागली. पुढे ससे आणि उंदीर काढायला वेगळी मोहीम करावी लागली. तिचा खर्च सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आला आणि बेट २०१४ मध्ये साफ जाहीर झालं.

ओगासावाराचा सौदा

ओगासावारात पक्षी अभ्यासकांना मांजरं रानातून बाहेर हवी होती, आणि तीही लवकर. दुसऱ्या बाजूला टोकियोच्या पशुवैद्यकांची संघटना होती. प्राण्यांचे डॉक्टर मांजरं मारण्याच्या योजनेला हात लावणार नाहीत, हे उघड होतं. पण कुणी जिवंत मांजर आणून दिलं तर त्याला बरं करणं, माणसाळवणं आणि घर शोधणं हे त्यांना जमण्यासारखं होतं. बेटवाल्यांनी पकडायचं, बोटीनं पाठवायचं आणि टोकियोतल्या दवाखान्यांनी आपसांत वाटून घ्यायचं, असं ठरलं.

कागदावर हे फार गोड वाटतं. प्रत्यक्षात ते घाम काढणारं काम आहे. रोज पाठीवर सामान घेऊन डोंगरात जायचं, जाळीचे पिंजरे तपासायचे, आमिष बदलायचं, कॅमेऱ्यातले फोटो पाहून कोणतं मांजर कुठे फिरतंय याचा हिशोब ठेवायचा. पिंजऱ्यात सापडलेलं मांजर डोंगरावरून उचलून खाली गावात आणायचं. बोट सुटायला अजून चार दिवस असतील तर तोवर त्याला ठेवायचं कुठे? त्यासाठी चिचिजिमावर एक छोटा निवारा आहे. त्याचं नाव 'नेकोमाची', म्हणजे मांजरांचं प्रतीक्षालय म्हणता येईल.

टोकियोत पोचल्यावर डॉक्टरांचं काम सुरू होतं. तपासणी, लस, नसबंदी. मग माणसाळवणं, ज्याला काही मांजरांच्या बाबतीत आठवडे लागतात आणि काहींच्या बाबतीत बरेच महिने. आयुष्यात कधी माणसाचा हात न लागलेलं बोकोबा दवाखान्याच्या पिंजऱ्यात कोपरा धरून बसतात. त्यांना आधी आवाजाची, मग वासाची, मग स्पर्शाची सवय करावी लागते. त्यानंतर कुणीतरी येऊन त्यांना घरी घेऊन जातं.

या सगळ्यात गावानं केलेलं एक काम फारसं चर्चेत येत नाही, पण त्याशिवाय बाकीचं व्यर्थ गेलं असतं. ओगासावारा गावानं १९९८ मध्येच पाळीव मांजरांसाठी नियम केला आणि नोंदणी सक्तीची केली. जपानमध्ये असा नियम करणारं हे पहिलं गाव मानलं जातं. पुढे मायक्रोचिपही आली. रानातली मांजरं कितीही पकडली तरी घराघरांतून नवी सुटत राहिली तर उपयोग काय? २०१७ मध्ये चिचिजिमावर वारसा केंद्र सुरू झालं, तिथे प्राण्यांवर उपचाराचीही सोय झाली. त्याआधी आजारी मांजरासाठी एकतर डॉक्टर बेटावर येण्याची वाट पाहायची किंवा बोट गाठायची.

कबुतरांचं पुढे काय झालं?

२०१० ते २०१३ या काळात चिचिजिमाच्या रानातून १३१ मांजरं बाहेर काढली गेली. आधी तिथे प्रौढ कबुतरांचा अंदाज १११ आणि पिल्लांचा ९ होता. २०१३ च्या अखेरीस तो ९६६ प्रौढ आणि १८९ पिल्लं इथवर पोचला. ज्या बेटावर लोकांनी उभ्या आयुष्यात हा पक्षी पाहिला नव्हता, तिथे तो घरांच्या आसपास दिसू लागला.

यातून शास्त्रज्ञांना एक कोडंही पडलं. इतक्या कमी संख्येवरून वर आलेल्या प्राण्यात जवळच्या नात्यातल्या प्रजननामुळे दोष साचतात आणि तो पुन्हा खालावतो, असं साधारणपणे मानलं जातं. इथे तसं झालं नाही. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकं तपासली तेव्हा या कबुतरांच्या जनुकसंचाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग एकसारखा निघाला, पण घातक बदल मात्र कमी होते. बेटावर हजारो वर्षं थोड्याच संख्येनं राहिल्यामुळे असे दोष आधीच गळून गेले असावेत, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. दुसऱ्या दुर्मीळ पक्ष्याचं नशीब असंच असेल याची हमी नाही.

हाहाजिमाच्या टोकावर, जिथे मायकेलचा फोटो निघाला होता, तिथे मांजरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं गेलं. त्यानंतर तिथे समुद्रपक्षी पुन्हा घरटी करू लागले.

काम संपलेलं नाही. पिंजऱ्याची युक्ती ओळखणारी हुशार मांजरं रानात शिल्लक राहतात आणि ती व्यायली की आकडा परत चढतो. हा मार्ग फक्त बेटावर आणि फक्त मर्यादित संख्येत चालतो, हेही मान्य करायला हवं. ऑस्ट्रेलियात रानमांजरांची संख्या वीस लाखांच्या खाली क्वचितच जाते. तितक्यांना घर देणारं टोकियो कुठून आणणार?

जपानमध्येही सगळीकडे हे इतक्या सहज जमलेलं नाही. अमामी ओशिमा बेटावर लहान कानांचा काळा अमामी ससा वाचवण्यासाठी २०१८ मध्ये दहा वर्षांची योजना आली. पकडलेल्या मांजराला घर मिळालं नाही तर त्याला मारण्याची तरतूद तिच्यात होती आणि त्यावरून मोठा वाद झाला. याच बेटावर सापांच्या बंदोबस्तासाठी १९७९ मध्ये मुंगूस सोडले होते. त्यांचे पूर्वज १९१० मध्ये गंगेच्या मुखाकडून जपानला नेलेले. सापांऐवजी मुंगसांनी सशांवरच ताव मारला. ते सगळे गेल्याची घोषणा व्हायला २०२४ उजाडलं.

बोट नसेल तर?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत सॅन निकोलस हे नौदलाचं बेट आहे. तिथली सुमारे ६० मांजरं २००९-१० मध्ये पकडून मुख्य भूमीवरच्या बंदिस्त अभयारण्यात हलवण्यात आली. सापळ्यांना मऊ गादी होती आणि सापळा मिटला की रेडिओवरून इशारा मिळायचा, म्हणजे जनावर तासन्‌तास अडकून राहणार नाही. पक्षी आणि सरडे वाचवायचे होते. पशुप्रेमी संस्थाही सोबत होती.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फ शहरानं २०२२ मध्ये वेगळाच फतवा काढला. शहराच्या एका भागात तुरेवाल्या चंडोलाच्या मोजक्या जोड्या उरल्या होत्या, म्हणून उन्हाळाभर मांजरं घरातच ठेवायची. मोडलं तर ५०० युरो दंड आणि मांजरानं चंडोल मारला तर ५० हजारांपर्यंत. मांजरमालक चिडले, पण आदेश लागू झाला.

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये तर भटक्या मांजरांची संस्था आणि पक्षीमित्रांची संस्था, म्हणजे एकमेकांच्या नावानं बोटं मोडणारे दोन गट, २०१३ पासून एकत्र 'कॅटिओ' सहल भरवतात. कॅटिओ म्हणजे मांजरासाठी खिडकीला किंवा अंगणाला लावलेला जाळीचा व्हरांडा. मुंबईत कबुतरं आत येऊ नयेत म्हणून बाल्कनीला जाळी लावतात, इथे मांजर बाहेर जाऊ नये म्हणून लावायची.

आपल्याकडे हा प्रश्न आहे का?

मुंबईतल्या सोसायटीच्या आवारात फिरणारं किंवा ससून डॉकला मासळीच्या टोपल्यांभोवती घुटमळणारं मांजर कुठल्या प्रजातीला नामशेष करत नाहीये. इथे वाद असतो तो घाण, आवाज आणि खायला कोण घालतं याचा. भारतात २००१ चे नियम फक्त कुत्र्यांपुरते होते. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी 'प्राणी जन्म नियंत्रण नियम' आले. वस्तीतल्या जनावरांना खायला घालण्यासाठी जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी त्यात सोसायटी किंवा रहिवासी संघावर टाकली आहे. मांजरं गोणीत भरून दुसरीकडे सोडून येणं हा मार्ग क्रूर तर आहेच, वर सांगितल्याप्रमाणे निरुपयोगीही आहे.

गावाच्या आणि रानाच्या सीमेवर मात्र चित्र बदलतं. पुणे जिल्ह्यात उसाच्या फडात तोडणीच्या वेळी वाघाटीची पिल्लं सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. तिची पिल्लं अनेकदा बिबट्याची समजली जातात आणि वनविभाग ती आईजवळ परत ठेवतो. लस न दिलेल्या गावातल्या मांजरांचा पॅनल्युकोपेनियासारखा आजार अशा रानमांजरांनाही होऊ शकतो. शिवाय घरच्या मांजरांशी संकर होण्याचा धोका असतो. स्कॉटलंडमध्ये नेमकं हेच झालं. तिथल्या रानमांजरांचा घरच्या मांजरांशी इतका संकर झाला की २०१९ मध्ये तज्ज्ञांनी तिथल्या रानमांजरांची संख्या स्वबळावर टिकण्याजोगी उरली नसल्याचं सांगितलं. म्हणून तिथे रानालगतची मांजरं पकडून नसबंदी आणि लस देऊन परत सोडली जात होती. ओगासावारात अपुरा पडणारा उपाय तिथे वन्यजीव वाचवण्यासाठीच वापरला गेला.

आणि घरात मांजर असेल तर? इंग्लंडमधल्या संशोधकांनी शिकार करणाऱ्या साडेतीनशेच्या वर पाळीव मांजरांवर बारा आठवडे प्रयोग करून २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना धान्यविरहित, भरपूर मांस असलेलं खाणं दिलं ती मांजरं घरी ३६ टक्के कमी शिकार आणू लागली. ज्यांच्याशी रोज पाच-दहा मिनिटं दोरी-पिसांनी खेळलं गेलं, त्यांची शिकार २५ टक्क्यांनी घटली. भडक रंगाच्या कापडी पट्ट्यामुळे पक्षी ४२ टक्के कमी आले, कारण पक्ष्यांना मांजर लांबूनच दिसायचं. गळ्यात घंटा बांधलेल्या मांजरांच्या शिकारीत मात्र ठळक असा फरक आढळला नाही.